उद्दिष्ट कसे असावे? शाहू महाराजांचा हुकूम वाचा!

26 जुलै 1902 चा करवीर दरबाराचा हुकूम आरक्षणाची सुरुवात म्हणून आपल्याला ठाऊक आहे. आम्ही तो आज हवामानाच्या प्रश्नासाठी वाचतो आहोत. शाहू महाराजांनी 50 टक्के हा नुसता आकडा दिला नाही. मागासवर्गीयांचे प्रमाण कमी असेल तिथे पुढची नेमणूक त्यांचीच, आणि प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचा तिमाही तक्ता द्यायचा, असेही बजावले.

2022 मध्ये भारताने पॅरिस कराराखाली जाहीर केले की 2005 च्या तुलनेत 2030 पर्यंत जीडीपीच्या दर रुपयामागचे उत्सर्जन 45 टक्क्यांनी घटवू. म्हणजे अर्थव्यवस्था वाढली तर एकूण उत्सर्जन वाढूनही उद्दिष्ट पुरे होते! धूर कोणाचा आणि झळ कोणाला, हे या सरासरीत दिसतच नाही.

श्रीमंत देशांनी जास्त धूर सोडला, त्यांनी जास्त भार उचलावा, असे भारत जगाला सांगतो. ते रास्तच आहे. मग तोच न्याय देशाच्या आत का नको? 2019 आणि 2021 चे महापूर सोसलेल्या कोल्हापुरातून आमची मागणी एकच: आकडा द्या, पण वाटा कोणाचा तेही लिहा आणि तक्ता जनतेपुढे ठेवा.

जय भीम!