बंदुकीचा दस्ता : रंगकामातील दोष व दुरुस्ती
बंदुकीचा लाकडी दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो. बीच आणि बर्चही वापरले गेले आहेत. चांगल्या अक्रोडाला रंगाची गरज मुळातच कमी. फिकट बर्च मात्र रंग सारखा शोषत नाही. कुठे खोल मुरतो, कुठे वरच राहतो आणि चट्टे पडतात. दस्त्याच्या टोकाशी तंतू आडवे कापलेले असल्याने तेथे रंग सर्वांत गडद होतो.

दस्ता सुटा करून आधी रंगाचे माध्यम ओळखावे. स्पिरिटमधला रंग स्पिरिटने, तेलातला ताजा रंग टर्पेंटाइनने, पाण्यातला ओल्या फडक्याने फिका होतो. पूर्ण जात नाही. निळेकाळे डाग वेगळे. लाकडातील टॅनिन व लोह यांच्या संयोगाने ते पडतात आणि ऑक्झॅलिक आम्लाने जातात. हे आम्ल विषारी आहे: हातमोजे हवेतच, आणि लाकूड नीट धुऊन वाळवल्याशिवाय घासू नये. पाण्यातल्या रंगकामात पोलादी लोकर वापरणे म्हणजे असे डाग ओढवून घेणे.

घासकाम हा शेवटचा उपाय. लोखंडी भागांलगत लाकूड किंचित उंच ठेवलेले असते. ते झिजले की फट दिसते. जुन्या लष्करी दस्त्यावरचे ठसे तर एकदा गेले की गेलेच, त्यापेक्षा थोडा चट्टा राहिलेला बरा. पुन्हा रंगवण्यापूर्वी पातळ लाखेचा हात दिल्यास शोषण बरेच सारखे होते. वर जवसाचे तेल लावल्यास त्याची फडकी गोळा करून ठेवू नयेत. ती आपोआप पेटू शकतात.