कोंडवाड्यातली नोंद

जनावर हरवलं की आमच्याकडे पहिली चौकशी कोंडवाड्यात होई. शेजारच्या गावचाही कोंडवाडा बघून यायचा आणि मगच ओढे-माळ धुंडाळायचे.

१८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा मुळात पिकाच्या नासाडीसाठी. उभ्या पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्याने कोंडवाड्यात घालायचं, मालकाने दंड आणि वैरणीचा खर्च भरून सोडवायचं. त्यामुळे कोंडवाड्याचं नाव निघालं की लोकांच्या कपाळाला आठी पडे. ग्रामसेवकाच्या नोकरीत जुनी दप्तरं चाळताना मला मात्र त्या कायद्यातलं दुसरंच काही मोलाचं वाटलं. जनावर कोणी आणलं, कधी आणलं आणि ते दिसतं कसं, हे रखवालदाराने वहीत उतरवलंच पाहिजे, असा त्यात दंडक होता.

वर्णन करण्याची विद्या गावाची. बैल खिल्लार, रंग कोसा, चारदाती, डावं शिंग टोकाला मोडकं, पाठीवर जोडभोवरा, उजव्या फऱ्यावर डागल्याची खूण. एवढं वाचलं की बैल समोर उभा राहतो. दात वर्षागणिक बदलतात, शिंगांचा रंग बेंदराला नवा होतो आणि गळ्यातली घंटा तर चोर सगळ्यात आधी काढतो. खरा भरवसा भोवऱ्यावर आणि डागावर.

सात दिवसांत मालक आला नाही तर खबर पोलीस ठाण्यात जाई. तिथे नोटीस लागे. शिवाय जनावर धरलं त्या गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची. हे कलम मला फार शहाणं वाटतं, कारण अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपल्या बैलाची खबर ऐकू येई. पुढच्या सात दिवसांतही कोणी आलं नाही, तर लिलाव. मेंढरांमागे दूर गेलेल्या धनगराला ही मुदत कशी पुरायची? दंड-खर्च वजा जाता उरलेले पैसे मागता येत, पण औताची जोडी फुटली ती फुटलीच.

आता कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असतो आणि त्यावरून मालक संगणकात सापडतो. बिल्ला हवाच. पण कुंपणात अडकून कान फाटला की तो गळून पडतो. म्हणून गोठा सांभाळणाऱ्या पोरांना मी अजून सांगतो, बिल्ल्याचा नंबर वहीत लिहा आणि त्याखाली भोवरा कुठे, डाग कुठे, शिंग कसं, तेही लिहा.