वैनगंगेकाठचा वटाव

गोंदियातून तांदूळ परदेशी धाडणाऱ्या व्यापाऱ्याला आज रुपयाच्या चालू खात्याशेजारी डॉलरचेही खाते ठेवता येते. बँकेत त्याला ईईएफसी म्हणतात. परकीय चलन कमावणाऱ्यांसाठीची ही सोय १९९२ मध्ये आली, त्यामुळे ती उदारीकरणाची देणगी समजली जाते. वैनगंगेच्या या धानपट्ट्यापुरता तो समज उलटा करून पाहावा लागतो. एकाच नाण्यात सगळा हिशेब मांडण्याची पद्धत इथे उशिरा आली; त्याआधीच्या पेढ्यांना दोन-तीन चलने सांभाळणे हा नित्याचा व्यवहार होता. तो इतिहास नीट वाचला तर आणखी एक गोष्ट दिसते. अनेक चलने हाताळण्याचा लाभ ती जवळ असण्यात फारसा नव्हता. कोणते चलन कधी मोडायचे हे ज्याला ठरवता येई, लाभ त्याचा होई.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १७५१ ते १८०३ या काळात कटकपर्यंत पसरले होते. त्या राज्याच्या पूर्व टोकाला ओडिशात रोजचा व्यवहार कवड्यांत चाले, छत्तीसगडातही कवड्यांची चलती होती, आणि नागपुरात चांदीचा रुपया. आजचा गोंदिया जिल्हा कवडीच्या आणि रुपयाच्या या दोन मुलखांच्या मधल्या वाटेवर. छत्तीसगडचे धान्य बैलांवर लादून पश्चिमेकडे नेणारे आणि मीठ घेऊन परतणारे बंजारे याच मुलखातून जात. रुपयाही एकच नव्हता. नागपूर आणि कटक इथल्या टांकसाळींचे रुपये दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत, उत्तरेकडून सागर-जबलपूरचे बाळाशाही येत, आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया आला. वजन, कस आणि झीज पाहून प्रत्येकावर वेगळा वटाव, म्हणजे नाणे बदलून देताना होणारी कपात. सराफाच्या कीर्दीत म्हणूनच नुसते ‘शंभर रुपये’ लिहून भागत नसे. रुपये कोणते, हेही लिहावे लागे. याच मुलखातल्या कामठ्याच्या जमीनदारीसारख्या संस्थांना नागपूर दरबारात टाकोळी, म्हणजे ठरावीक खंडणी, भरायची ती दरबाराला मान्य असलेल्या नाण्यात. वसूल येणार मिळेल त्या नाण्यात, भरणा करायचा ठरावीक नाण्यात, आणि मधली दरी वटावाने भरून काढायची, अशी ही रचना होती.

वटाव ही सेवेची रास्त किंमत होती, असे यावर म्हणता येईल. खोटे नाणे पारखणे, कस ठरवणे, हुंडीवर दूरच्या पेढीत पैसा पोचवणे ही जोखमीची आणि कसबाची कामे होती. सराफ नसता तर बाजारच थांबला असता. हे मला मान्य आहे, अर्धे तरी. पारखण्याची मेहनत बाराही महिने तेवढीच असते. मागणी मात्र तशी नसते. सरकारी हप्त्याची तारीख आली की गावोगावच्या सगळ्यांना एकाच आठवड्यात तेच नाणे हवे असते. अशा वेळी वटावात मेहनतीखेरीज निकडीची किंमतही मिसळते. याचा ढळढळीत पुरावा भोसल्यांच्याच जुन्या प्रांतात मिळतो. ओडिशा घेतल्यावर कंपनीने सारा चांदीत मागितला. सरकारी दराने चार काहण, म्हणजे ५१२० कवड्यांना एक रुपया. बाजारात तोच रुपया मिळवायला याहून बऱ्याच जास्त कवड्या मोजाव्या लागत. १८१७ च्या खुर्द्याच्या पाइक उठावामागे जी कारणे होती त्यांत हे एक होते. कामठ्याचा चिमणा पाटील १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला तो अप्पासाहेब भोसल्यांच्या पडझडीच्या राजकारणातून. त्या बंडाला नाण्यांशी जोडण्याचा मोह टाळलेला बरा.

याहून जड आक्षेप दुसराच आहे. या झाडीपट्टीत नाणे होतेच किती? मजुरी धानात, बलुत्याचा वाटा धानात, बियाण्याची उसनवारी धानात. मग नाण्यांच्या वटावाचा इतिहास म्हणजे चार पेढ्यांचा इतिहास नव्हे काय? इथे चलन म्हणजे काय, हे जरा रुंद करून पाहावे लागते. धान हेच इथले सर्वांत मोठे चलन होते. सावकाराच्या घरी रुपयाची वही असे तशी खंडी-कुडवाचीही असे, आणि वाढीदिढीचा, म्हणजे धान उसने देऊन वाढवून परत घेण्याचा, व्यवहार या दुसऱ्या वहीत चाले. समजा रोवणीच्या दिवसांत धानाचा भाव खंडीला सहा रुपये आहे आणि कापणीनंतर चार. कुळाने एक खंडी दिढीने उचलली आणि दीड खंडी परत केली. धानाच्या वहीत सावकाराला पन्नास टक्के वाढ मिळाली. रुपयाच्या वहीत मात्र सहा देऊन सहाच परत आले. दिढी वाटते तेवढी जाचक नव्हती, असे म्हणणाऱ्यांचा आधार हाच, आणि साधारण वर्षी तो खोटाही नाही. पण पाऊस दगा देतो. पीक बुडाले आणि कापणीनंतरही भाव नऊ रुपये राहिला, तर त्याच दीड खंडीचे साडेतेरा होतात. अशा वर्षी सावकाराने धानच मागावे. उलट पीक उदंड आले, भाव तीनवर उतरला, तर दीड खंडीचे साडेचारच येतात. तेव्हा जुनी बाकी रुपयांत धरून, व्याज चढवून, खत नव्याने लिहून घ्यावे. कुळाजवळ असलेली एकच वही त्याच्या डोक्यात, आणि तीही धानाची. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत या निवडीला काय धार आली असेल याची कल्पना करता येते. मध्य प्रांत सरकारने १९३३ मध्ये कर्जतडजोडीचा कायदा केला, तेव्हा त्याखालच्या तडजोड मंडळांसमोरचे काम पुष्कळदा हेच असणार: कागदावरच्या रुपयामागे मुळात किती कर्ज होते ते शोधणे.

नाण्यांचा गोंधळ मात्र त्यापूर्वीच मिटला होता. कंपनीने १८३५ मध्ये १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया पाडला, १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले, आणि इथली जुनी नाणी हळूहळू मोडीत निघाली. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे आली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती कलकत्त्याकडे नेली. गोंदिया हे बाजाराचे गाव म्हणून वाढले ते या रुळांवर. तांदूळ, लाख, पुढे विडी, सगळा हिशेब एका रुपयात. यातली गंमत अशी की परकीय चलनाची उलथापालथ नेमकी याच काळात सर्वांत मोठी होती. १८७० च्या आसपास दोन शिलिंगांच्या घरात असलेला रुपया चांदी घसरल्याने १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. सरकारने चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या आणि शतकाच्या अखेरीस तो एक शिलिंग चार पेन्सांवर बसवला. गोंदियाच्या वहीत याची नोंद कुठेच पडायची नाही. पौंडाचा नफा-तोटा कलकत्त्याच्या निर्यात कंपन्या आणि एक्स्चेंज बँका पाहत. इथल्या लाखेच्या व्यापाऱ्याला फक्त कलकत्त्याचा भाव कळे. एकचलनी वही सुटसुटीत खरी, पण तिच्यात निर्णयही उरला नव्हता.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धाबरोबर विनिमय नियंत्रण आले, आणि १९४७ व १९७३ च्या कायद्यांनी ते पक्के झाले. कमावलेला डॉलर सरकारला विकायचा, हा दंडक अर्धशतकभर टिकला. म्हणून आजच्या डॉलर खात्याकडे पाहताना त्याच्या अटी आधी वाचाव्यात. कमाई शंभर टक्के ठेवता येते, पण व्याज नाही. आणि ज्या महिन्यात पैसे जमा झाले त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत, देणी वजा जाता उरलेली रक्कम रुपयात मोडायची, हा सर्वसाधारण नियम. जुन्या सराफाने याला दोन चलनांचे खाते म्हटले असते की नाही, शंका आहे. त्याची सगळी कमाई थांबण्यात होती, आणि सरकारने इथे काढून घेतले आहे ते थांबणेच. एका निर्यातदाराने डॉलर अडवून धरला तर काही बिघडत नाही. हजारोंनी धरला तर रुपयाच कोसळतो, हे कारण समजण्यासारखे आहे. गोंदियात मात्र हा प्रश्न अजून मूठभरांचा आहे. अनेक गिरण्यांचा भर सरकारी धानाच्या भरडाईवर आहे आणि भरडाई रुपयात मिळते. त्यातही २० जुलै २०२३ रोजी बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. सप्टेंबर २०२४ अखेर ती उघडली तेव्हा टनाला ४९० डॉलरचा किमान भाव लावला गेला, आणि महिन्याभरात तोही उठला. निर्यातदाराला खाते मिळाले, पण त्यात डॉलर येणार की नाही हे दिल्ली ठरवते.

थांबण्याची सोय दुसऱ्या टोकाला, शेतकऱ्याच्या हाती देण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रात १९९०-९१ पासून चालू आहे. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात धान ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी मिळते. कागदावर धान उत्पादकाला डॉलर कमावणाऱ्यापेक्षा तिप्पट मुदत आहे. पण त्यासाठी समितीकडे रिकामे गोदाम हवे, कर्ज द्यायला निधी हवा, आणि दिवाळीच्या तोंडावर मळणी झालेले धान घरखर्चासाठी लगेच विकावे न लागणारा शेतकरी हवा. या तीन अटी एकत्र जुळल्या नाहीत तर तो खरेदी केंद्रावर रांगेत उभा राहतो, नाहीतर गावच्या व्यापाऱ्याला त्या दिवसाच्या भावाने धान मोजून देतो.