पाठलागाची मर्यादा

चोर पळाला की त्याच्यामागे धावावे, ही बुद्धी मनुष्याला इतकी स्वाभाविक आहे की तिलाही इतिहास असेल, असे सहसा मनात येत नाही. पण तो आहे. इंग्लंडमध्ये पहिल्या एडवर्डच्या अमदानीत १२८५ साली विंचेस्टरचा कायदा झाला. चोरी वा दरोडा पडताच आरोळी ठोकावी आणि गावोगावच्या लोकांनी गुन्हेगाराचा माग काढावा, असा दंडक त्यात होता. गुन्हेगार हाती न लागला, तर नुकसानीची भरपाई त्या टापूतील रहिवाशांवर बसे. आपल्याकडील जागल्याही चोराचा माग शिवेपर्यंत काढून तो पुढच्या गावाच्या हवाली करीत असे. तेव्हा ही रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

या रीतीच्या मुळाशी दोन गोष्टी होत्या. एक, दृष्टीआड झालेला मनुष्य पुन्हा सापडणे कठीण. दुसरी, पायी वा घोड्यावरून धावणाऱ्यांमुळे वाटेवरच्या लोकांना फारसा धोका नसे. मोटारीने या दोन्ही गोष्टी पालटून टाकल्या. गाडीला क्रमांक आला. त्यावरून तिच्या मालकाचा शोध लागू लागला. १९२८ साली डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या मोटारींत बिनतारी संदेश पोहोचविण्याची व्यवस्था केली. मोटारीहून संदेश वेगाने धावतो, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. तरीही पाठलागाची जुनी ओढ कायम राहिली. वेग मात्र दसपट झाला.

पळणाऱ्यावर किती बळ वापरावे, हा प्रश्न अमेरिकेत प्रथम गोळीच्या संदर्भात ऐरणीवर आला. १९७४ साली मेम्फिस येथे घरफोडी करून कुंपणावरून पळणारा पंधरा वर्षांचा निःशस्त्र मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. त्याच्यापाशी दहा डॉलर व एक पाकीट निघाले. केवळ पळतो म्हणून कोणाचा प्राण घेता येणार नाही. त्याच्यापासून इतरांना गंभीर धोका असला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिला. निकालपत्र न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांचे होते. आपल्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही, मृत्युदंडास वा काळ्या पाण्यास पात्र अशा गुन्ह्याचा आरोप नसलेल्या मनुष्याला अटकेच्या वेळी ठार मारण्याचा अधिकार पोलिसांना दिलेला नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे.

परंतु भरधाव मोटार हेही एक शस्त्रच होय, आणि ते कोणाला लागेल याचा नेम नसतो. १९९० साली कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो परगण्यात एका मोटारसायकलीचा पाठलाग झाला. तो अवघा ७५ सेकंद चालला. वस्तीतून वेग ताशी १०० मैलांपर्यंत गेला. मोटारसायकल घसरून थांबली आणि मागून येणाऱ्या पोलिसांच्या गाडीखाली मागे बसलेला सोळा वर्षांचा मुलगा ठार झाला. इजा करण्याचाच हेतू नसेल, तर अशा मृत्यूने राज्यघटनेचा भंग होत नाही, असे न्यायालयाने १९९८ साली ठरविले.

२००१ साली जॉर्जियात ताशी ५५ मैलांच्या मर्यादेत ७३ मैलांनी जाणाऱ्या तरुणाचा पाठलाग झाला. पोलिसाने त्याच्या गाडीला मागून धक्का दिला. गाडी उलटून त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. २००७ साली आठ विरुद्ध एक मतांनी पोलिसाची कृती वाजवी ठरली. बेफाम हाकणाऱ्याला सोडूनच द्यावे असा नियम केला, तर पळणाऱ्यांना उत्तेजनच मिळेल, असा न्यायमूर्ती स्कालिया यांचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी भिन्न मत नोंदविले. पोलिसांपाशी गाडीचा क्रमांक होता, त्यामुळे त्याला मागाहूनही पकडता आले असते, हा त्यांचा मुद्दा होता.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच धोरणाचा लंबक हलत राहतो. वॉशिंग्टन राज्याने २०२१ साली पाठलागावर कडक निर्बंध घातले, २०२३ साली ते सैल केले आणि २०२४ साली आणखी सैल केले. तरीही एक अट या नव्या कायद्यातही टिकली: गुन्हेगार निसटण्याचा धोका हा पाठलागाच्या धोक्याहून अधिक असला पाहिजे.

ही अट टिकावी, यातच या इतिहासाचे सार आहे. पूर्वी पाठलाग फसला तर त्याचा भुर्दंड पाठलाग करणाऱ्या गावाला सोसावा लागे. आज तो पुष्कळदा चौकात हिरव्या दिव्याची वाट पाहणाऱ्या तिसऱ्याच मनुष्याला सोसावा लागतो. तो चोर नाही, शिपाई नाही, आणि त्याचे मत कोणी विचारलेले नसते. चाकावर बसलेल्या शिपायाला क्षणात निर्णय घ्यावा लागतो. त्या क्षणी या तिसऱ्याची बाजू मांडणारा कोणी नसतो. ती बाजू आधीच, शांतपणे, नियमात लिहून ठेवणे हे समाजाचे काम आहे. चोर उद्या सापडू शकतो. गेलेला जीव परत आणता येत नाही.