१४ एप्रिल, बंबवाले आणि त्यांची युनियन

१४ एप्रिलला संध्याकाळी मिरवणुकीची बातमी करायला चौकात उभा होतो. निळे झेंडे, ढोलताशा, सरबताचे स्टॉल, आणि कडेला बंदोबस्ताला नगरपालिकेचा बंब. बंबाच्या पायरीवर एक पोरगा डबा उघडून बसलेला. म्हणलं, आज तुमचाही दिवस, अग्निशमन सेवा दिन. तो म्हणाला, "हो दादा, सकाळी दोन मिनिटं उभे राहिलो. पण मी कालपासून ड्युटीवर आहे. घरी कधी जायचं ते कुणाला विचारू?"

दोन्ही गोष्टी एकाच तारखेला येतात हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून थोडा इतिहास.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज लागलेलं. इंग्लंडातल्या बर्कनहेडहून कराचीमार्गे आलेलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारी दोनच्या सुमारास कापसातून धूर दिसला. स्फोटकं असलेल्या जहाजावर लाल निशाण हवं, ते नव्हतं. बंबवाले आले आणि पाणी मारत राहिले, ९०० टनांहून जास्त. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. ६६ बंबवाले गेले. एकूण किती माणसं गेली त्याचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्या धक्क्याची नोंद झाली. त्या ६६ जणांसाठी आपण दरवर्षी हा दिवस पाळतो.

त्याच दिवशी बाबासाहेबांना ५३ वर्षं पूर्ण झाली, आणि तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९४३ मध्ये, मालकांनी युनियनला मान्यता द्यावी यासाठीचं विधेयक त्यांनी मांडलेलं. कामाच्या तासांचं म्हणाल, तर व्हॉट्सॲपवर 'बाराचे आठ केले' एवढंच फिरतं. कायद्यात आलं ते असं: १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास होते त्याचे ४८ झाले. पण फायर स्टेशन म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे बंबवाला त्यात बसला नाही.

मग बंबवाल्यांचे तास कमी झाले कसे? जिथे झाले तिथे बहुतेक युनियनने केले. लंडनमध्ये एके काळी फायरमनने स्टेशनातच राहायचं, सलग ड्युटी. १९१८ मध्ये तिथल्या युनियनला मान्यता मिळाली आणि दोन वर्षांत दोन पाळ्या आल्या. १९७७ च्या नोव्हेंबरात ब्रिटनचे बंबवाले पगारासाठी संपावर गेले. सरकारने लष्कराला जुने हिरवे बंब देऊन रस्त्यावर आणलं. नऊ आठवडे चाललं. मागितली ३० टक्के, पदरात पडली १० टक्के. संप फसला म्हणायचं तर म्हणा, पण पुढे आठवड्याचे ४८ तास होते ते ४२ झाले, आणि पगारवाढीचं एक सूत्र ठरलं.

आता, बंबवाल्याने संप करावा का? मला विचाराल तर माझा जीव कचरतो. कुणाचं घर जळत असताना संप ही कल्पनाच सोसवत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतही अग्निशमनाच्या संपावर बंधन घालता येतं असंच मानतात. पण संप वेगळा आणि संघटना वेगळी. संघटनेच्या हक्काचा जो ८७ क्रमांकाचा करार आहे, त्यात सैन्य आणि पोलीस सोडून तिसरा अपवाद नाही. भारताने तो करार स्वीकारलेला नाही, तरी आपल्याकडेही युनियनबंदी आहे ती पोलिसांना. पालिकेच्या बंबवाल्याला नाही.

आणि युनियन फक्त पगारासाठी असते हा गैरसमज. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ ला ३४३ फायरमन गेले. त्या धुळीने नंतर आजारी पडून गेलेल्यांची संख्या २०२३ मध्ये ३४३ झाली, आता त्याच्याही पुढे गेली आहे. त्यांच्या औषधपाण्यासाठी कायदा व्हायला २०११ चा जानेवारी उजाडला, आणि तोवर युनियनवाले वॉशिंग्टनच्या खेपा घालत होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने फायरमनचं काम कर्करोगाला निश्चित कारण म्हणून नोंदवलं.

हे वाचलं आणि मला आमची एक रात्र आठवली. आपला कापसाचा पट्टा. गाठ वरून विझलेली दिसते, आतून धुमसत असते, दोन-दोन दिवस पुन्हा पेट घेते. काही वर्षांपूर्वी एका जिनिंगच्या आगीवर मी रात्रभर होतो. सकाळी तीच माणसं होज धरून उभी, तोंडाला ओला रुमाल. गाडीत श्वसनाचा सेट होता, सिलिंडर रिकामा. एकाने मला बाजूला घेऊन दाखवला. वर म्हणाला, नाव टाकू नका, कंत्राटी आहे, उद्या येऊ नको म्हणतील. मी बातमीत लिहिलं, 'जवानांनी शर्थीचे प्रयत्न केले.' सिलिंडरचं लिहिलं नाही. नाव नसलेली बातमी कोण छापणार, असं तेव्हा स्वतःला समजावलं. ते अजून टोचतं.

फोर्ट स्टिकिनवर धूर दिसला तेव्हा आत काय आहे हे विचारायचा अधिकार होज धरणाऱ्याला नव्हता. सिलिंडर का रिकामा हे आमच्या पोरांनाही विचारता येत नाही. एकट्याने विचारलं की तो 'तक्रारखोर' ठरतो. मुंबईत २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकरांसह चार अधिकारी गेले. मुंबईसारख्या मोठ्या दलाचं हे, तर आमच्या दोन गाड्यांचं काय सांगू. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन नगरपालिकेच्या माथी आहे. म्हणजे गावाची तिजोरी जेवढी, तेवढा बंब.

त्या पोराला परवा पुन्हा भेटलो. तास, सिलिंडर आणि विमा, तीनच मुद्द्यांचा अर्ज त्यांनी लिहून ठेवलाय. पण अर्जाखाली एकेकाची सही नको, युनियनचं नाव हवं, असं त्यांचं ठरलंय. युनियन नोंदवायला किमान सात सभासद लागतात, १९२६ च्या कायद्यापासून हा आकडा तोच आहे. सध्या पाच तयार आहेत.