खोटे, दुर्गा

खोटे, दुर्गा : (१४ जानेवारी १९०५–२२ सप्टेंबर १९९१). मराठी व हिंदी चित्रपटांतील आणि मराठी रंगभूमीवरील श्रेष्ठ अभिनेत्री. बोलपटाच्या आरंभकाळात त्या चित्रव्यवसायात आल्या आणि सुमारे पन्नास वर्षे त्यांत नायिका, चरित्रअभिनेत्री व निर्माती या नात्यांनी वावरल्या. सुशिक्षित व प्रतिष्ठित कुटुंबातील स्त्रीने चित्रपटात काम करणे ज्या काळी कुलाला कमीपणा आणणारे समजले जात होते, त्या काळी त्यांनी हा व्यवसाय उपजीविकेसाठी पत्करला व तो सन्मानाने केला. त्यांच्या कारकीर्दीचे ऐतिहासिक महत्त्व त्यांच्या अभिनयगुणांइतकेच या गोष्टीतही आहे.

पूर्वपीठिका : भारतीय रंगभूमीवर व चित्रपटात स्त्रीभूमिका कोणी करावयाच्या, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत पुरता सुटलेला नव्हता. मराठी व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषांनीच करण्याचा प्रघात दृढ होता व बालगंधर्वांनी त्याला कलेच्या शिखरावर नेले होते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. अखेरीस उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाकडून त्यांनी ती भूमिका करवून घेतली. त्यानंतर लगेचच ‘मोहिनी भस्मासुर’ या फाळक्यांच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढे कमलाबाई गोखले) यांनी कामे केली आणि पडद्यावर स्त्रीचा प्रवेश झाला. मूकपटाच्या काळात फातमा बेगम, सुलोचना (रूबी मायर्स), गोहर अशा नट्या लोकप्रिय झाल्या. फातमा बेगम यांनी तर १९२६ मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा चित्रपट दिग्दर्शितही केला. परंतु या नट्या बहुधा अँग्लो-इंडियन, ज्यू किंवा गायन-नर्तनाची परंपरा असलेल्या समाजांतून आलेल्या होत्या. मध्यमवर्गीय व उच्चवर्णीय हिंदू कुटुंबे चित्रपट पाहावयास जात असली, तरी आपल्या घरातील स्त्रीने त्यात काम करावे, ही कल्पना त्यांना असह्य वाटे.

जीवन व चित्रपटप्रवेश : दुर्गाबाईंचे माहेरचे आडनाव लाड. हे कुटुंब मूळचे गोव्याकडील, कोकणी बोलणारे व मुंबईत स्थायिक झालेले असून त्यांचे वडील पांडुरंग शामराव लाड हे सॉलिसिटर होते. दुर्गाबाईंचे शिक्षण मुंबईच्या कॅथीड्रल हायस्कूलमध्ये व सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. विश्वनाथ खोटे या अभियंत्याशी त्यांचा विवाह झाला. खोटे घराणे धनाढ्य होते. परंतु पुढे या घराण्याला मोठे आर्थिक नुकसान सोसावे लागले. बकुल व हरीन या दोन मुलांच्या पालनपोषणाचा भार दुर्गाबाईंवर येऊन पडला. कलेची ओढ अथवा प्रसिद्धीची हौस यांपेक्षा कुटुंबाची निकड हेच त्यांच्या चित्रपटप्रवेशाचे कारण होते.

मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटात त्यांनी प्रथम एक लहानशी भूमिका केली. हा चित्रपट अपयशी ठरला. लाड व खोटे या दोन प्रतिष्ठित घराण्यांशी संबंध असलेली स्त्री अशा सुमार चित्रपटात दिसावी, याबद्दल समाजात त्यांच्यावर कडक टीका झाली. ही कारकीर्द येथेच संपावयाची. परंतु कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचे व्ही. शांताराम यांनी आपल्या पहिल्या बोलपटातील तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना पाचारण केले. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रदर्शित झालेला ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतील पहिला बोलपट होय. त्याची ‘अयोध्या का राजा’ ही हिंदी आवृत्तीही प्रभातने त्याच वेळी तयार केली. हरिश्चंद्राची भूमिका व संगीतदिग्दर्शन गोविंदराव टेंबे यांचे होते. त्या वेळी पार्श्वगायनाची सोय नव्हती; संवाद व गाणी नटांना चित्रण चालू असतानाच म्हणावी लागत. शिवाय प्रत्येक प्रसंग दोन भाषांसाठी दोनदा चित्रित करावा लागे. रंगभूमीवरील अभिनयाची वा नियमित गायनाची तालीम नसलेल्या दुर्गाबाईंनी हे काम यशस्वी रीत्या पार पाडले. ज्या तारामतीसाठी फाळक्यांना एकोणीस वर्षांपूर्वी स्त्री मिळू शकली नव्हती, तीच तारामती आता महाविद्यालयात शिकलेल्या एका गृहिणीने साकार केली. चित्रपट गाजला आणि निंदेची जागा कौतुकाने घेतली.

नायिकापदाचा काळ : प्रभातच्याच ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) या चित्रपटात त्यांनी स्त्रीराज्याची राणी किलोतला हिची भूमिका केली. सोशिक तारामतीनंतर ही सत्ताधारी, मानी राणी उभी करून आपला अभिनय एकाच साच्यात बसणारा नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे त्या कलकत्त्यास गेल्या. न्यू थिएटर्स या संस्थेच्या, देवकी बोस दिग्दर्शित ‘राजरानी मीरा’ (१९३३) या हिंदी चित्रपटात त्या मीरेच्या भूमिकेत होत्या. पृथ्वीराज कपूर हे त्यात त्यांचे सहकलाकार होते. ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’ (१९३४) या चित्रपटाचे दिग्दर्शकही देवकी बोसच होते. पृथ्वीराज कपूर (राम) व दुर्गा खोटे (सीता) यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट व्हेनिसच्या चित्रपटमहोत्सवात दाखविण्यात आला.

त्यांच्या नायिकापदाच्या काळातील सर्वांत महत्त्वाची भूमिका म्हणजे व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अमर ज्योती’ (१९३६) या चित्रपटातील सौदामिनी. पतीपासून विभक्त झालेल्या या स्त्रीला राज्याचा कायदा तिच्या मुलाचा ताबा नाकारतो. तेव्हा ती राज्यसत्तेविरुद्ध बंड करून चाच्यांची नायिका बनते. शांता आपटे, चंद्रमोहन व वासंती हे या चित्रपटातील अन्य प्रमुख कलाकार असून संगीत मास्तर कृष्णराव यांचे होते. हा चित्रपटही १९३६ च्या व्हेनिस महोत्सवात दाखविला गेला. सौदामिनीच्या तोंडी स्त्रीच्या दास्याविषयीचे प्रखर विचार आहेत. ते आक्रस्ताळेपणाकडे झुकू न देता दुर्गाबाईंनी त्यांना दुखावलेल्या मातृत्वाची धार दिली. उंच, डौलदार शरीरयष्टी, ठसठशीत चेहरा, करारी नजर व स्पष्ट शब्दोच्चार या त्यांच्या गुणांना येथे पूर्ण वाव मिळाला.

चित्रपटसंस्था त्या काळी नटनटींना मासिक वेतनावर बांधून घेत आणि त्यांना अन्यत्र काम करण्याची मुभा सहसा नसे. दुर्गाबाईंनी मात्र एकाच संस्थेच्या कायम नोकरीत राहण्याचे नाकारले आणि कोल्हापूर, कलकत्ता, पुणे व मुंबई येथील निरनिराळ्या संस्थांशी चित्रपटागणिक करार करून काम केले. मानधन, भूमिका व दिग्दर्शक यांची निवड आपल्या हाती ठेवणाऱ्या आरंभीच्या भारतीय नट्यांत त्यांची गणना होते. या स्वातंत्र्यात जोखीम होती. कारण काम नसेल, तेव्हा उत्पन्नही नसे. तथापि पुढे स्टुडिओंची वेतनपद्धती मोडकळीस आली, तेव्हा जी रीत सर्वमान्य झाली, ती दुर्गाबाईंनी अनेक वर्षे आधीच अनुसरली होती.

चरित्रभूमिका : १९४० नंतर त्या प्रौढ व गुंतागुंतीच्या व्यक्तिरेखांकडे वळल्या. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ (१९४१, हिंदी ‘चरणों की दासी’) या चित्रपटात वनमाला या सुनेच्या भूमिकेत होत्या, तर दुर्गाबाईंनी जाचक सासू रंगविली. विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’ (१९४२) या चित्रपटात त्यांनी कैकेयीची भूमिका केली. या दोन भूमिकांबद्दल बंगालच्या चित्रपट-पत्रकार संघाचे उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक त्यांना लागोपाठ दोन वर्षे मिळाले. या दोन्ही भूमिका प्रेक्षकांच्या रोषास पात्र होणाऱ्या आहेत, हे लक्षणीय होय. सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वी वल्लभ’ (१९४३) या चित्रपटातील मृणालवती ही भूमिकाही याच जातीची आहे. बंदी केलेल्या शत्रुराजाचा मानभंग करू पाहणारी आणि शेवटी त्याच्यावरच अनुरक्त होणारी ही तापसवृत्तीची राजभगिनी त्यांनी संयमाने उभी केली.

के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) या चित्रपटात त्यांनी जोधाबाईची भूमिका केली. पती व पुत्र यांच्या संघर्षात सापडलेल्या राणीची घालमेल त्यांनी थोडक्या शब्दांत व मुख्यतः नजरेतून व्यक्त केली. अकबराच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते. ‘राजरानी मीरा’ नंतर सत्तावीस वर्षांनी प्रेक्षकांनी ही जोडी प्रौढ रूपात पाहिली. जेम्स आयव्हरी यांच्या ‘द हाउसहोल्डर’ (१९६३) या चित्रपटातील नायकाची आई, ‘बावर्ची’ (१९७२) मधील एकत्र कुटुंबातील थोरली सून, ‘अभिमान’ (१९७३) मधील मावशी व ‘बॉबी’ (१९७३) मधील नायिकेची आजी या त्यांच्या उत्तरकालीन उल्लेखनीय भूमिका होत. ‘बिदाई’ (१९७४) या चित्रपटातील भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. ‘कर्ज’ (१९८०) हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक होय. हिंदी चित्रपटांतील आईची भूमिका पुढे अश्रुपाताच्या ठरीव साच्यात अडकली. दुर्गाबाईंच्या आया मात्र क्वचितच असहाय वाटतात. त्या रागावतात, थट्टा करतात आणि प्रसंगी चूकही करतात.

रंगभूमी : चित्रपटात नाव मिळविल्यानंतर त्या रंगभूमीकडे वळल्या, हा क्रम त्यांच्या काळी विरळा होता. मराठी रंगभूमीवर स्त्रीने स्त्रीभूमिका करण्याची प्रथा हिराबाई बडोदेकर यांच्या नाटकमंडळीने व १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर करणाऱ्या ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने रुजविली होती. चाळिशीच्या दशकात भारतीय जननाट्य संघाच्या (इप्टा) चळवळीशी दुर्गाबाईंचा संबंध आला. डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने मुंबई मराठी साहित्य संघाने जे नाट्यकार्य आरंभिले, त्यातही त्यांनी मोठा वाटा उचलला. कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’ मधील आनंदीबाई व शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’ वरून वि. वा. शिरवाडकर यांनी लिहिलेल्या ‘राजमुकुट’ (१९५४) मधील लेडी मॅक्बेथच्या तोडीची राणी या त्यांच्या विशेष गाजलेल्या भूमिका होत. ‘भाऊबंदकी’ प्रथम रंगभूमीवर आले (१९०९), तेव्हा त्यातील आनंदीबाई पुरुष नटानेच उभी केली होती. दुर्गाबाईंच्या आनंदीबाईत महत्त्वाकांक्षा व पतिनिष्ठा यांचे मिश्रण असे; त्यामुळे ती केवळ कारस्थानी स्त्री न वाटता राजकारणात प्रत्यक्ष अधिकार नसलेल्या पण बुद्धी असलेल्या स्त्रीची शोकांतिका वाटे. ध्वनिक्षेपकासमोर कमावलेला संयत उच्चार त्यांनी रंगमंचावरही सोडला नाही. घनगंभीर, पल्लेदार वक्तृत्वशैलीत वाढलेले नानासाहेब फाटक यांच्यासारखे नट समोर असताना त्यांची ही शैली अधिकच उठून दिसे.

निर्मिती व लेखन : दुर्गाबाईंनी चित्रपटनिर्मितीचाही अनुभव घेतला. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी ‘फॅक्ट फिल्म्स’ व पुढे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ या संस्था स्थापन करून अनुबोधपट, लघुपट व जाहिरातपट काढले. वय झालेल्या नटीला इतरांनी देऊ केलेल्या भूमिकांवरच अवलंबून राहावे लागते. या परावलंबनावर त्यांनी काढलेला हा व्यावहारिक तोडगा होता. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखांवर आधारलेली ‘वागले की दुनिया’ (१९८८) ही कुंदन शाह दिग्दर्शित दूरदर्शन-मालिका त्यांच्याच संस्थेची होय. त्यांचा मुलगा हरीन याचे अकाली निधन झाले. त्याची पत्नी विजया या पुढे विजया मेहता या नावाने नाट्यदिग्दर्शिका म्हणून विख्यात झाल्या.

‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००६ मध्ये निघाला. भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ (१९६८) हा किताब व चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च असे ‘दादासाहेब फाळके पारितोषिक’ (१९८३) देऊन गौरविले. ज्या फाळक्यांना आपल्या पहिल्या चित्रपटासाठी नटी मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचे हे पारितोषिक बोलपटातील पहिल्या मराठी तारामतीला मिळाले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन : दुर्गाबाईंमुळे घरंदाज स्त्रियांना चित्रपटाचे दार खुले झाले, असे नेहमी म्हटले जाते. लीला चिटणीस, वनमाला, स्नेहप्रभा प्रधान यांसारख्या सुशिक्षित अभिनेत्री त्यांच्यामागून आल्या, हे खरे आहे. तथापि या विधानात एक अन्यायही दडलेला आहे. दुर्गाबाईंच्या आधी ज्या स्त्रियांनी निंदा सोसून पडद्यावर कामे केली, त्यांचे श्रम व कला त्यामुळे कमी प्रतीची ठरतात, आणि व्यवसायाची प्रतिष्ठा कामावरून नव्हे, तर करणाऱ्याच्या कुळावरून मोजली जाते. फाळक्यांना साहाय्य करणाऱ्या कामत मायलेकींचे धैर्य दुर्गाबाईंच्या धैर्यापेक्षा उणे नव्हते. उणा होता तो समाजाचा प्रतिसाद. दुर्गाबाईंना स्वतःलाही कुळाने तारले नाही. ‘फरेबी जाल’ च्या वेळी तेच कुळ त्यांच्यावरील टीकेचे निमित्त झाले होते. त्यांना प्रतिष्ठा मिळाली ती सौदामिनी, कैकेयी, आनंदीबाई, जोधाबाई अशा भूमिकांतून, म्हणजे पन्नास वर्षांच्या कामातून. अभिनय हा स्त्रीने स्वतःच्या अटींवर करावयाचा व त्यावर संसार चालवावयाचा एक व्यवसाय आहे, हे त्यांनी आपल्या उदाहरणाने सिद्ध केले. भारतीय चित्रपटाच्या सामाजिक इतिहासात त्यांचे स्थान यामुळेच महत्त्वाचे ठरते.