बाराबोरमधले ‘बारा’

ओतूर-जुन्नर भागात ‘बाराबोरची बंदूक’ हा शब्द मुलांच्याही कानांवरून गेलेला असतो. पण बारा काय? इंच नव्हे, मिलिमीटरही नव्हे. नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, ते हे बारा. ठासणीच्या बंदुकीच्या काळी गोळ्या घरीच पाडीत, म्हणून मापही वजनाचे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्याला चुलीचा जाळ पुरतो. (लोखंडाला १५३८ लागतात!) सांडशीसारख्या साच्यात रस ओतायचा, निवल्यावर गोळीचे शेपूट छाटायचे. गोळी नळीपेक्षा किंचित लहानच ठेवीत. दारूच्या काजळीने नळी आवळत जाई. उरलेली फट चिंधीने किंवा कागदाने भरीत.

आपल्याकडे चाले तो शेर, पौंड इंग्रजांचा. शिवनेरी त्यांच्या हाती १८१८ साली गेला. पुढे १९५६च्या कायद्याने शेर आणि पौंड दोन्ही हटले, पण बंदुकीच्या नावात पौंड राहिला.

वर्गात गणित द्यावे: पौंड ४५३.६ ग्रॅम, शिशाची घनता ११.३४. गोळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. प्रयोग मात्र कागदावरच. वितळलेल्या शिशावरची राखाडी साय हाताला लागते, हातावरून भाकरीला. आणि पोटात गेलेले शिसे हाडांत वर्षानुवर्षे मुक्काम करते.